उभा हात

आमच्या कारखान्यात अंतर्गत समितीचा फलक पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरवर लावलेला आहे. त्यावर ‘कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ’ असे मोठे शब्द आणि खाली चार नावं आहेत, शेवटचं माझं. ते तिथं कसं आलं याचं कारण साधं आहे. समितीत निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत आणि ऑफिसात बायका दोनच होतो. एक मालकांची सून, जिला सगळे मॅडम म्हणतात, आणि दुसरी मी. मॅडम अध्यक्ष झाल्या. बाहेरच्या सदस्य म्हणून एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आल्या, त्यांना आम्ही बाई म्हणतो. चौथे मॅनेजर. परदेशी गिऱ्हाईक टॉवेलची ऑर्डर देण्याआधी तपासनीस पाठवतं. तो आग विझवायची नळकांडी बघतो, संडासाची दारं बघतो आणि हा फलकही बघतो.

माझं खरं काम निर्यातीचे कागद आणि ईमेल. सोलापुरात इंग्रजी नीट लिहिणारी माणसं मिळतात, पण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रोज यायला तयार असणारी कमी. ऑफिस आणि मागांची शेड यांच्यामध्ये एक जाड काचेचं दार आहे. दीड वर्षात मी ते दार ओलांडून आत गेले नव्हते. जायची गरज पडली नव्हती, आणि गरज नसेल तिथं मी जात नाही. शेडमधल्या साठएक मागांचा आवाज काचेतून आमच्यापर्यंत यायचा तो नुसती घरघर होऊन. काही दिवसांनी तीही ऐकू येईनाशी झाली.

समितीसाठी मी एक ऑनलाइन प्रशिक्षण केलं होतं. सगळं इंग्रजीत. शेवटी वीस प्रश्न होते, मला वीसपैकी वीस मिळाले. हे विषय मला नवे नव्हते. शाळेत नववीत असताना मुंबईहून दोन ताई आल्या होत्या. मुलींना हॉलमध्ये बसवून त्यांनी चित्रं दाखवली आणि कुणी नको तिथं हात लावला तर काय करायचं ते शिकवलं. जोरात ‘नो’ म्हणायचं, पळायचं, मोठ्या माणसाला सांगायचं. मग सगळ्यांकडून एका सुरात तीनदा ‘नो’ म्हणवून घेतलं. हॉल दणाणला. मी तिन्ही वेळा नुसते ओठ हलवले. कुणाच्या लक्षात आलं नाही.

ती पहिल्यांदा आली तेव्हा जेवणाची सुट्टी होती. दारात चप्पल काढून उभी राहिली. पस्तिशीची असेल. केसांवर, भुवयांवर सुताची लव बसलेली, त्यामुळे आधी ती म्हातारीच वाटली.

“तुमीच लिवता का ते कागद?”

“कुठले?”

तिनं हनुवटीनं फिल्टरवरचा फलक दाखवला.

मला तेव्हा वाटलं ते लिहून ठेवते, कारण ते चांगलं नाही. मला वाटलं, आता सोमवारचं शिपमेंट राहणार.

ती कांडीवाली होती. मागाच्या धोट्यात जी सुताची कांडी बसते, ती भरायचं मशीन ती चालवायची. माहेर मैंदर्गी, लग्न होऊन सोलापुरात. अकरा वर्षं त्याच मशीनवर. तक्रार जॉबरविरुद्ध होती. जॉबर म्हणजे मागांची दुरुस्ती करणारा आणि पाळीवर देखरेख ठेवणारा माणूस. शेडमध्ये त्याचा शब्द शेवटचा असतो. तिनं जे सांगितलं ते थोडक्यात असं: तिचं मशीन भिंतीकडे आहे आणि मागून जायला हातभर वाट. सहा महिने तो जाता-येता पाठीवरून हात फिरवत होता. मग कमरेवर ठेवायला लागला. गेल्या आठवड्यात त्यानं मागून येऊन दोन्ही हातांनी कमरेला धरलं आणि स्वतःवर ओढून दाबून धरलं. कांडी भरून मशीन थांबेपर्यंत सोडलं नाही.

“घरी सांगितलंय?” मी विचारलं.

“घरी सांगितलं तर काम सोड म्हनतील. काम सोडायचं असतं तर तुमच्याकडं कशाला आले असते?” मग जरा थांबून म्हणाली, “मला त्याला काय कराय नको, मॅडम. माज्या मशीनवर मला नीट काम करू द्या, येवढंच.”

घरी मी आईला सांगितलं. ऑफिसातली नावं आमच्या बोलण्यात निघत नाहीतच, नुसतं ‘एका बाईची तक्रार आलीय’ एवढं. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

“तसलं काही नाही ना?”

“नाही. हात लावायचा.”

“मग ठीक,” असं म्हणून तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि वर पाणी फिरवलं. “तू जास्त पुढं-पुढं करू नकोस त्यात.”

समितीची बैठक मॅडमच्या केबिनमध्ये झाली. एसी चालू होता. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती आणि इतक्या शांत खोलीत आपण किती मोठ्यानं बोलतोय हे तिला कळत नव्हतं. शेडमधली सगळीच माणसं तशी बोलतात. मॅनेजरनी दोनदा हातानं ‘हळू, हळू’ केलं. मी लॅपटॉपवर थेट इंग्रजीत टाइप करत होते, कारण अहवाल इंग्रजीत ठेवायचा होता.

बाईंनी विचारलं, “तू त्याला नको म्हणालीस का?”

“बोलले न्हाय.”

“का?”

“मागापाशी कोन बोलतंय, बाई? मागं वळून हात केला की. दोनदा.” तिनं उजवा हात छातीपुढं उभा धरला, तळवा समोर.

“म्हणजे?”

मॅनेजर म्हणाले, “ते शेडमधलं असतं हो. हातवारे. दिवसभर चालू असतात त्यांचे.”

“हातवारे राहू देत,” बाई म्हणाल्या. “ओरडलीस का?”

“ओरडून काय हुतंय तितं? मागल्या साली एकाचं बोट गेलं, तवा त्यो बी ओरडला व्हता. शेजारच्याला रगात बघून कळलं.”

मॅडमनी पाण्याचा ग्लास तिच्याकडं सरकवला. “तो सगळ्यांसमोर असं करतो?”

“सगळ्यांसमोरच. पर माग चालू असले तरच. लाईट गेली की त्यो लई शाना. वहिनी, पानी प्या. वहिनी, बसा जरा. माग चालू झालं की ह्याचं हात चालू.”

मॅनेजरना हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात घातलं. मी टाइप करत राहिले. तिचं ‘हात केला’ हे वाक्य मी आधी इंग्रजीत घेतलं होतं. तिनं हातानं काही खूण केली, असं. मग वाचून पाहिलं तर ते संशयास्पद वाटलं. कसली खूण? जवळ बोलावल्याचीसुद्धा असू शकते. वाचणाऱ्याचा गोंधळ नको, तिचं नुकसान नको, म्हणून मी ते खोडलं. उरलं ते असं: ‘तिनं नकार दिला नाही. ती ओरडली नाही.’

जॉबर दुपारी आला. करमाळ्याकडचा. इस्त्रीचा शर्ट, खिशात कंगवा. बसा म्हटल्यावरही उभाच राहिला.

“मॅडम, वहिनी म्हनतो मी तिला. तिचा नवरा माज्या हाताखाली शिकला. वहिनीची मस्करी कोन करत न्हाय? रंगपंचमीला आमच्या गावाकडं येऊन बघा, सोडतंय का कोन वहिनीला.”

“कमरेला धरलं होतं का?”

“वाट केवढी हाय तितं, बघा एकदा. जाताना लागतोय हात.” मग तो बाईंकडं वळला, कारण त्या वयानं मोठ्या होत्या. “बाई, तिनं एका शब्दानं कधी सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर मी काय येवढा येडा हाय का?”

तो गेल्यावर बाईंनी चष्मा पुसला. “तीही तेच म्हणते की. बोलले नाही.” माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, “तसंच लिहिलंयस ना?”

मी हो म्हटलं. खरंच तसंच लिहिलं होतं.

मॅनेजरनी तोडगा काढला. तसलं काही झालेलं नाही, गैरसमज आहे, दोघांना समज द्यायची. आणि तिला दुसऱ्या युनिटमध्ये टॉवेलच्या घड्या घालायला पाठवायचं. “तिचीच सोय. त्याचं तोंड बघायला नको तिला.” मॅडमना ते पटल्यासारखं दिसलं. सोमवारी तपासनीस यायचा होता, त्याआधी जबाबावर तिची सही हवी होती. ती घेऊन यायचं काम माझ्याकडं आलं.

बातमी माझ्या आधी शेडमध्ये पोचली होती. संध्याकाळी गेटवर तिनं मला गाठलं.

“मी जायचं? त्यानं केलं आन् मी जायचं?”

“अजून ठरलं नाही, अक्का.”

“घड्या काय, कुनी बी घालंल. मला नुसत्या बोटाला कळतंय सूत कच्चं हाय का पक्कं. अकरा वर्स झाली.” तिनं बोटं माझ्यापुढं धरली. टोकं गुळगुळीत झालेली, रेषा राहिल्याच नव्हत्या. आमच्याकडचं हजेरीचं अंगठ्याचं मशीन तिला ओळखत नाही, तिची हजेरी वहीत लागते हे मला माहीत होतं. कारण माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी काचेचं दार उघडलं.

आवाज कानात शिरत नाही, छातीवर येऊन आदळतो. पहिल्यांदा मला वाटलं, मला काहीतरी होतंय. जमीन हलत होती. हवेत सुताची लव इतकी की उजेड पांढरा दिसत होता. मी कागद छातीशी धरून उभी राहिले. दारापाशी असलेल्या विणकरानं मला पाहिलं आणि डाव्या तळव्यावर उजव्या बोटानं लिहिल्यासारखं केलं. त्याच्या पुढच्यानं तेच केलं. मग त्याच्या पुढच्यानं. मला उलगडायला थोडा वेळ लागला की ती मी आहे. दीड वर्षात ज्यांच्याशी मी एक शब्द बोलले नव्हते, त्यांनी मला एक खूण देऊन ठेवली होती. भिंतीपर्यंत पोचले तेव्हा कांडीवाली आधीच वळून माझी वाट बघत होती.

मी कागद पुढं केला आणि बोलायला लागले. मला माझाच आवाज ऐकू येईना. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी थांबले. आजूबाजूला बघितलं तर सगळे बोलत होते. एकानं बोट हवेत गोल फिरवलं, कांड्या संपल्या. दुसऱ्यानं दोन बोटं ओठांना लावली, चहा. तिसऱ्यानं कॉलर नीट केल्यासारखं केलं आणि दोघं हसले. ते मॅनेजर असावेत.

तेवढ्यात समोरचा एक माग थांबला. एक म्हातारा विणकर त्यात कोपरापर्यंत हात घालून तुटलेला धागा शोधायला लागला. त्याच्या जोडीच्या माणसाचं लक्ष दुसरीकडं होतं. माग थांबलेला बघून त्यानं सवयीनं तो चालू करायच्या दांड्याकडं हात नेला. म्हाताऱ्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. मोकळा हात फक्त छातीपुढं उभा केला, तळवा समोर. जोडीदाराचा हात हवेत जिथं होता तिथं थांबला. आणि तीन माग पलीकडून जॉबर येत होता, तोही चालता-चालता उभा राहिला. म्हाताऱ्यानं धागा जोडला, हात बाहेर काढला, उभा तळवा खाली घेतला. मग सगळे हलले.

मी कांडीवालीकडं वळले. ती त्या मागाकडं बघतच नव्हती, माझ्याकडं बघत होती. तिनं तोच हात तसाच उभा धरला, माझ्या डोळ्यांसमोर, आणि खाली घेतला.

मी कागदाची घडी घातली आणि सही न घेता परत आले.

चहाच्या सुट्टीत मी गेटबाहेरच्या टपरीवर गेले. तो म्हातारा विणकर बाकड्यावर बसला होता. घरी तेलुगू बोलणारा. त्याला सगळे मामा म्हणतात.

“मामा, तो हात म्हणजे काय?”

“कुटला?”

मी करून दाखवला.

“असं न्हाय.” त्यानं बशी खाली ठेवून माझा अंगठा आत दुमडला. “अंगटा भायर राहिला तर ‘पाच मिन्टात येतो’ हुतंय. हां. आता बराबर. असा हात उबा असला की मागाला शिवायचं न्हाय. मालक आला तरी न्हाय. बोट जातंय, हात जातंय. माज्या बापानं मला हेच पयलं शिकवलं. मी किती पोरांना शिकवलं. ह्या जॉबरला बी मीच.”

“कांडीवालीनं त्या दिवशी केला होता?”

त्यानं बशीतला चहा संपवला.

“दोनदा. मी समोरच्याच मागावर व्हतो.”

“मग जॉबरनी थांबायला हवं होतं ना?”

“ते मागाचं हाय, मॅडम. बाईचं येगळं.”

मी गप्प राहिले. मला गप्प राहता येतं आणि बऱ्याचदा त्यानं काम होतं. त्यानं टपरीवाल्याला कप दिला, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

“लिवनार का तुमी हे?”

“लिहू का?”

“बघितलं ते बघितलं. लिवा. पर त्यानं लई वंगाळ काय केलं असं लिवू नका. पोरंबाळं हायत त्याला. आन् तसलं काय झालं न्हाय.”

त्या दिवशी मला काम सुचलं नाही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची आठवण सारखी येत होती. प्रोजेक्टसाठी आमचे सर माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसायचे आणि त्यांचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर असायचा, मग पाठीवर. मी खुर्ची सरकवायचे. एका सत्रात मी इतकी सरकले की शेवटी माझा खांदा भिंतीला लागला होता. मी काहीच म्हटलं नाही, म्हणून काहीच झालं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. प्रशिक्षणात वीसपैकी वीस मिळवतानाही मला ती खुर्ची आठवली नव्हती. यापेक्षा जास्त त्याबद्दल मला इथं लिहायचं नाही.

मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

“सही झाली?”

“नाही. परत एकदा बसावं लागेल.”

“अगं, सोमवारी ऑडिट आहे. सही करत नाहीये का ती?”

“केली नाही तिनं,” मी म्हटलं. मी तिच्यापुढं पेनच धरलं नव्हतं, हे मी सांगितलं नाही.

मॅडमनी कपाळाला हात लावला. “बाईंना फोन कर मग. आणि हे लवकर संपव, प्लीज.”

शनिवारी सकाळी आम्ही परत बसलो. आधी जॉबरला बोलावलं. मी काय विचारायचं ते कागदावर लिहून आणलं होतं आणि रात्रभर पाठ केलं होतं. शाळेत मौखिक परीक्षेच्या आधी करायचे तसं.

“मला एक विचारायचंय,” मी म्हटलं.

“जरा मोठ्यानं,” मॅनेजर म्हणाले.

“शेडमध्ये समोरच्यानं हात असा उभा केला तर काय करायचं असतं?” मी अंगठा आत दुमडून हात धरला.

जॉबरचा चेहरा मोकळा झाला. कामाचं विचारताहेत, म्हणजे विषय संपला असं त्याला वाटलं असणार. “थांबायचं, मॅडम. शिवायचं न्हाय. नवीन मानूस आला की पयल्या दिवशी मी हेच शिकवतो. बाकीचं नंतर. हात दिसला की आहे तितं उभं ऱ्हायचं, मग का म्हनून विचारत बसायचं न्हाय. कारन विचारायला गेला आन् येळ गेला तर समोरच्याचा हात जातोय.” तो बाईंना सांगायला लागला, “माज्या पाळीत सात वर्सांत फकस्त एक बोट गेलंय. दुसऱ्या कारखान्यात जाऊन बघा.”

“तिनं हात उभा केला होता का?” मी विचारलं.

एसीचा आवाज येत होता. त्यानं खिशातला कंगवा वर-खाली केला.

“व्हता,” तो म्हणाला.

“मग?” हे बाईंनी विचारलं.

“मग काय, बाई? ती काय मागात हात घालून उभी व्हती का?”

मॅनेजर फोनमध्ये बघायला लागले. मॅडमनी आधी माझ्याकडं आणि मग त्याच्याकडं बघितलं. आपण काय बोललो हे त्याला हळूहळू कळत गेलं असावं, कारण तो खुर्चीवर बसला. कुणी बस म्हटलं नव्हतं.

“मला वाटलं...” तो म्हणाला, आणि काय वाटलं ते त्यानं सांगितलं नाही.

तो बाहेर गेल्यावर बराच वेळ चर्चा झाली. मॅनेजरचं म्हणणं, असा जॉबर पुन्हा मिळायचा नाही. मॅडमना अहवालात नुसतं ‘गैरवर्तन’ हवं होतं, ‘लैंगिक छळ’ नको. “तसलं काही झालेलं नाही ना शेवटी.” बाई उठल्या. आम्हाला वाटलं निघाल्या. त्या बाहेर फिल्टरपाशी गेल्या, फलक वाचला आणि परत येऊन बसल्या. “फलकावर जे लिहिलंय तेच अहवालात येईल. नाही तर माझं नाव त्यावरून पुसा, आणि सोमवारी त्या माणसाला तीनच नावं दाखवा.” मुख्याध्यापिका असताना त्या कशा बोलत असतील ते मला तेव्हा कळलं. माझ्याकडं वळून त्या म्हणाल्या, “हातवारे राहू देत, असं मीच म्हटलं होतं ना? तेही लिही.”

ते मी लिहिलं नाही. त्याऐवजी मी काय खोडलं होतं ते सांगितलं. मला वाटलं होतं ओरडा बसेल. मॅडम नुसत्या म्हणाल्या, “मग आता घाल ते परत.”

ठरलं ते असं. जॉबरला लेखी ताकीद, आणि दुसऱ्या युनिटमध्ये बदली, पाळीचा ताबा न देता. ती तिच्या मशीनवर राहणार. हे फार मोठं नव्हतं. जॉबर जाणार हे कळल्यावर शेडमधल्या दोघी-तिघी तिच्याबरोबर डबा खायच्या बंद झाल्या. मामा मला टपरीवर दिसले की बशीत बघतात. आईला मी सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, “मग त्या माणसाची नोकरी राहिली ना?” राहिली म्हटल्यावर तिला बरं वाटलं.

सही मात्र त्याच शनिवारी झाली. दुपारी लाईट गेली होती, माग बंद होते. ती ऑफिसात आली, चप्पल दारात काढली. मी तिला जबाब मराठीत वाचून दाखवला. ‘तक्रारदारानं दोन वेळा हात उभा करून नकार दिला. या खुणेचा अर्थ शेडमधल्या प्रत्येकाला माहीत आहे. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांनी हात पाहिल्याचं मान्य केलं.’

“इंग्रजीत बी असंच हाय?”

“हो.”

“वाचा.”

“तुम्हाला कळेल का, अक्का?”

“वाचा की.”

मी वाचलं. ती पानाकडं बघत ऐकत होती. एकदाही मान हलवली नाही.

“ह्यात हात कुटं हाय?”

मी तो शब्द दाखवला. तिनं त्यावर बोट ठेवलं, ते गुळगुळीत बोट. दुसऱ्या वेळचा कुठं आहे तेही विचारलं आणि त्यावरही ठेवलं. मग खाली कन्नड अक्षरांत सावकाश सही केली. मैंदर्गीच्या शाळेत ती कन्नड शिकली होती.

“ह्यो कागद आता कुटं ऱ्हानार?”

“फाइलला. कपाटात.”

“कुलूप हाय?”

“आहे.”

“किल्ली?”

“माझ्याकडं.”

“तुमी इथंच हाय ना? लगीन-बिगीन करून जानार न्हाय?”

“सध्या नाही.”

“बरं,” ती म्हणाली. लाईट आली. काचेपलीकडं एकेक माग सुरू व्हायला लागला. तिनं चप्पल घातली आणि दार उघडून आत गेली.